भिंतीवरचे वीस कोटी ठिपके

पुतणीचं लग्न कळमनुरीहून मोटारसायकलवर आलं. लग्न म्हणजे लग्नाचं शूटिंग. शूटिंगवाल्याचा पोरगा वारंगा फाट्यावर उतरला, खिशातून रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढली, दादाच्या हातात ठेवली आणि आधी खिचडीची प्लेट मागवली. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. फाट्यावर त्याचं खिचडीचं हॉटेल आहे आणि मागच्या बाजूला घर.

डिस्कमध्ये चार तासांची एकच अखंड फाइल होती, १८० जीबीची. पोरगा कळमनुरीहून यायला चाळीस मिनिटं लागली म्हणाला. मी बसल्या बसल्या कागदावर भागाकार केला. १८० जीबी म्हणजे १ लाख ४४ हजार कोटी बिट. भागिले २,४०० सेकंद. उत्तर आलं सेकंदाला साठ कोटी बिट, म्हणजे ६०० मेगाबिट. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर वीस मेगाबिट मिळत होते आणि तेवढ्यावरच मी खूश होतो. त्या वेगाने हेच लग्न उतरवून घ्यायला वीस तास लागले असते, म्हणजे प्रत्यक्ष लग्नापेक्षा जास्त. खड्डे चुकवत, एका ठिकाणी चहाला थांबून आलेल्या त्या पोराचा वेग नेटच्या तीसपट भरला.

खरी कटकट त्यानंतर सुरू झाली. व्याह्यांना सप्तपदीचा तुकडा पाठवायचा होता. तो वेगळा काढला तेव्हा सहा जीबीचा झाला. पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा आणि पूर्ण रिकामा. तरी कॉम्प्युटर म्हणे, फाइल फार मोठी आहे.

‘‘आरं, बत्तीसात सहा मावंना व्हय?’’ दादा म्हणाला. ‘‘काहून?’’

त्याचं उत्तर बुद्धिबळाच्या पटावर आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. पटाची निम्मी घरं, म्हणजे बत्तीस, भरली की एकूण दाणे होतात ४,२९,४९,६७,२९५. पेनड्राइव्हवर फॅट-३२ नावाची मांडणी होती. १९९६ सालची ही मांडणी फाइलचा आकार लिहायला बत्तीसच घरं देते, त्यामुळे तिच्यात मावणारी सगळ्यात मोठी फाइल बरोबर तेवढ्याच बाइटची असते, एकही जास्त नाही. दाणा-दाणा जुळतो. चाळीस मिलिग्रॅमचा एक दाणा धरला तर निम्म्या पटाचा गहू १७० टनांच्या वर जातो. दहा ट्रक पुरतात, फाट्यावर एका तासात तेवढे सहज निघून जातात.

उरलेली बत्तीस घरंही भरली, की दाणे १८४ परार्ध होतात आणि वजन जवळजवळ ७४ हजार कोटी टन. सगळं जग आज वर्षाला साधारण ऐंशी कोटी टन गहू पिकवतं. म्हणजे नऊशे वर्षांचं पीक. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि पूर्ण चौसष्ट घरं मिळाली. सप्तपदी अडीच मिनिटांत कॉपी झाली. फॉरमॅट हा शब्द ऐकून दादाचा जीव वरखाली झाला होता, पण पेनड्राइव्ह रिकामाच होता.

परार्ध म्हणजे किती, हे इथेच सांगून टाकतो, पुढे लागणार आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दहाच्या पटीने चढत जाणारी नावं आहेत. अब्ज म्हणजे शंभर कोटी, मग खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधि, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, एकावर सतरा शून्यं. आमच्या पिढीने ती पाठ केली नाहीत, कारण आमचा व्यवहार कोटीच्या पुढे कधी गेलाच नाही. आज टीव्हीमागच्या एका डब्याला ती सगळी लागतात.

दादाच्या घरी नवा फोर-के टीव्ही आहे. आडव्या ओळीत ३,८४० ठिपके, उभ्या ओळीत २,१६०. गुणाकार ८२,९४,४००. २०११च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या होती ११,७७,३४५. म्हणजे भिंतीवरच्या एका स्थिर चित्रात जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला सात ठिपके येतात, तान्ह्या पोरासकट. आणि चित्र स्थिर नसतं, ते सेकंदाला पंचवीस वेळा बदलतं. वीस कोटी त्र्याहत्तर लाख साठ हजार ठिपके, दर सेकंदाला. त्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची माणसं सव्वाअकरा कोटी होती.

प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग, रंगाला एक बाइट. न आवळता ठेवायचं तर सेकंदाला बासष्ट कोटी बाइट आणि चार तासांच्या लग्नाला जवळजवळ नऊ महापद्म, म्हणजे नऊ टीबी. प्रत्यक्षात फाइल १८० जीबीची, पन्नासाची एक झालेली. आमच्या भागात ओली हळद शिजवून वाळवली की पाच पोत्यांचं एक पोतं होतं आणि पाणी उडालं एवढंच आपण म्हणतो. इथे पन्नास पोत्यांचं एक झालंय. सिनेमावाले आणखी पुढे जातात आणि तीन-चारशेचं एक करतात.

मग इथे उडतं ते काय? पुनरुक्ती. मांडवाचा पडदा तासन्‌तास तसाच होता. पंखा फिरत होता, भटजींचा हात हलत होता, नवरीची मान एकदा वर झाली. फाइलमध्ये मधूनमधून एखादंच चित्र पूर्ण लिहिलेलं असतं. बाकीच्या चित्रांत मागच्यापेक्षा काय हललं आणि किती सरकलं एवढीच टिपणं असतात. हिशेबाची वही लिहिणारा माणूस रोज सगळा माल नव्याने मोजत नाही, आवक-जावक लिहितो, तसं. वहीवरून पुन्हा सगळं दुकान उभं करायचं काम टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरचं, तेही सेकंदाला पंचवीस वेळा.

हॉटेलच्या गल्ल्यामागे दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप होता, तो टीव्हीला जोडून पाहिला. आवाज पुढे आणि चित्र मागे. मंगलाष्टकं संपली तरी नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभेच. दादाने माझ्याकडे पाहिलं.

‘‘हे अडकायलंय काहून? याच्यात दुसरं विंडोज मारून दे ना.’’

‘विंडोज मारणे’ हा आपल्याकडचा सर्वरोगहर उपाय. पण विंडोज ११ या डब्यात बसत नाही. ते किमान चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा मागतं, तेवढी होती. पण त्याला सुरक्षेची टीपीएम २.० ही चिपही लागते, ती या वयाच्या मशीनमध्ये नाही. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणजे हा रस्ता बंद. दुसऱ्या रस्त्यांची नावं सांगायला लागलो तेव्हा दादा म्हणाला, ‘‘तू उगंच फाटे फोडू नको.’’

फाट्यावर राहणाऱ्या माणसाने हे म्हणावं! वारंगा हे नाव राज्यभर पोचलं ते नांदेड-हिंगोली रस्त्याला इथे हदगाव, उमरखेड, यवतमाळकडून नागपूरला जाणारा फाटा फुटतो म्हणून. सॉफ्टवेअरच्या या दुनियेतही प्रत्येक नाव असंच फाट्यावर जन्मलं आहे. २००२ च्या सुमारास काही हौशी पोरांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या डब्यावर सिनेमे चालवायचा प्रोग्राम लिहिला. त्या डब्यात प्रोसेसर ७३३ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी ६४ एमबी. आपल्या लग्नाची न आवळलेली दोन चित्रं त्यात बसली असती, तिसरं नाही. तो प्रोग्राम एक्सबीएमसी. २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. मॅकसाठी त्यालाच फुटलेल्या फाट्यावर पुढे प्लेक्स उभं राहिलं. फक्त कोडी चालवण्यापुरती सडसडीत ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून ओपनएलेक निघालं, २०१६ मध्ये त्यातून लिबरएलेक वेगळं झालं. एम्बी या मीडिया सर्व्हरने आपला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, उघडा ठेवणं थांबवलं, तर २०१८ च्या डिसेंबरात त्यातून जेलीफिन निघालं. भांडण झालं की चूल वेगळी, पण भांडी आधीचीच. पुन्हा घडवायची गरज नाही, कारण कॉपी करायला पैसे पडत नाहीत.

या सगळ्या चुलींखालची जमीन मात्र बहुतेक वेळा एकच आहे, लिनक्स. १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्सने पहिली आवृत्ती सोडली तेव्हा तिच्यात सुमारे दहा हजार ओळी होत्या. ज्ञानेश्वरीत ओव्या नऊ हजारांच्या घरात, एका ओवीचे चार चरण धरले तर छत्तीस हजार ओळी. म्हणजे सुरुवातीचं लिनक्स ज्ञानेश्वरीच्या पाव-तिजाईएवढं. २०२५ मध्ये त्याच्या गाभ्याच्या ओळी चार कोटींच्या आसपास पोचल्या, अकराशे ज्ञानेश्वऱ्या झाल्या. त्यातल्या बहुतेक ओळी ड्रायव्हरच्या आहेत. या कंपनीची चिप, त्या कंपनीचं कार्ड, अशा प्रत्येकाशी त्याच्या बोलीत कसं बोलायचं याच्या त्या ओळी. दादाच्या घरी त्यातल्या किती वापरात येतील? फार तर चिमूटभर. पण ती चिमूट बरोबर हवी.

का, ते ठोक्यांच्या हिशेबात दिसतं. प्रोसेसरचा एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. शंभर कोटी ही संख्या आमच्या जिल्ह्याला परकी नाही. नर्सीच्या नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता आणि उरलेले पुरे करायला ते स्वप्नात तुकोबांना सांगायला आले, ही कथा इथे पोरासोरांना माहीत असते. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता म्हणायचं ठरवलं तरी शतकोटीला एकतीस वर्षं आणि आठ महिने लागतात. दादाच्या जुन्या डेस्कटॉपला दोन कोअर, तीन-तीन गिगाहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला सहा शतकोटी ठोके. भलतंच मोठं वाटतं. आता त्याला वीस कोटी त्र्याहत्तर लाख ठिपक्यांनी भागा. एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम एकोणतीस ठोके! तेवढ्यात वही वाचायची, मागचं चित्र शोधायचं, सरकवायचं, रंग बदलायचा, पडद्यावर ठेवायचं. म्हणूनच अंतरपाट दूर होईना.

नव्या चिपमध्ये या कामासाठी वेगळा कोपरा राखून ठेवलेला असतो. दुसरं त्याला काही येत नाही, पण चित्र उलगडणं मात्र तो झोपेत करतो. इंटेलची एन-१०० ही २०२३ सालची छोटी चिप सहा वॉटच्या हिशेबाने बनवलेली आहे, म्हणजे आपल्या एलईडी बल्बाएवढी. तीही फोर-के सहज उलगडते. अट एकच, ऑपरेटिंग सिस्टीमला तो कोपरा कुठे आहे हे ठाऊक हवं. ड्रायव्हर चुकला की तीच चिप सगळं काम हाताने करायला जाते, पंखा ओरडतो आणि माणसं म्हणतात, लिनक्स बेकार आहे. कोणती सिस्टीम ‘वेगवान’ यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. माझ्या मते सिनेमाच्या डब्यासाठी हा प्रश्नच गैरलागू आहे. चांगली सिस्टीम ती, जी राबणाऱ्याला काम नेऊन देते आणि मग त्याच्या वाटेतून बाजूला होते.

म्हणून दोन डबे केले. टीव्हीमागे एन-१०० चा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यात लिबरएलेक. जुना डेस्कटॉप फेकला नाही, त्यात डेबियन १३ टाकलं आणि वर जेलीफिन, म्हणजे तो घरचा मीडिया सर्व्हर झाला. दादाला हे पटेना. जे मशीन लग्न दाखवू शकत नाही ते सांभाळणार कसं? पण सांभाळणं आणि उलगडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. या फाइलला सेकंदाला शंभर मेगाबिट द्यायचे, म्हणजे साडेबारा एमबी. साधी हार्ड डिस्क दीडशे देते. गोदामाचा हमाल आणि आचारी ही दोन वेगळी माणसं असतात, हे हॉटेलवाल्याला मी सांगायची गरज नव्हती.

डबा टीव्हीपासून वेगळा घेण्याचं आणखी एक बारीक कारण आहे. खूप टीव्हींमध्ये वायरीचं नेटवर्क शंभर मेगाबिटचंच असतं आणि त्यातून प्रत्यक्षात नव्वद-पंचाण्णव निघतात. शंभरची फाइल तिथे रखडणारच. एवढा मोठा टीव्ही आणि नळी पाव इंचाची.

फाइल डेस्कटॉपवर चढवताना मात्र डेबियनने असा हिसका दिला की दादाचं विंडोजप्रेम पुन्हा उफाळून आलं. शूटिंगवाल्याने फोल्डरला लग्नपत्रिकेचंच नाव दिलं होतं. चि. आणि चि. सौ. कां. पासून सुरू होऊन दोन्ही घराण्यांची नावं, शुभविवाह सोहळा, मुहूर्त आणि मंगल कार्यालय. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-४ मांडणीत नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांची प्रत्येकाची वेगळी मोजणी होते. ‘वारंगा फाटा’ या दोन शब्दांत दहा खुणा आणि एक मोकळी जागा, एकतीस बाइट. म्हणजे मराठीला २५५ ची जागा नसून पंच्याऐंशीचीच आहे, आणि कुठलीही पत्रिका पंच्याऐंशी खुणांत मावत नाही. विंडोजची एनटीएफएस बाइट मोजत नाही, खुणा मोजते, आणि देवनागरीला पूर्ण २५५ देते. इथे विंडोज सरस आहे, सरळ कबूल करतो. फोल्डरचं नाव ‘ताईचं लग्न’ असं केलं. जेलीफिनला चाललं आणि ताईला, म्हणजे पुतणीलाही.

संध्याकाळी सगळे बसले. चित्र स्वच्छ, आवाज जागेवर. पण वरात सुरू झाली आणि कॅमेरा घोड्यावरून बँडवाल्यांकडे वळला की चित्र बारीक झटके खाई. आत्याला ते दिसेना, दादालाही नाही. मला दिसत होतं, आणि एकदा दिसलं की डोळ्यातून जात नाही.

हा हिशेब मला सगळ्यांत आवडतो, कारण यातल्या संख्या लहान आहेत आणि तरी त्या डोकं फिरवतात. आपल्याकडचं शूटिंग सेकंदाला पंचवीस चित्रांचं. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, दूरदर्शनचा ठेकाही त्याच्याशी जुळवून पन्नासचाच ठरला, त्यातून हे पंचवीस आले. टीव्ही मात्र साठच्या ठेक्यावर लावलेला होता. साठमध्ये पंचवीस पूर्ण जात नाहीत. मग काही चित्रं दोन ठोके थांबतात, काही तीन. घोडा दोन-दोन-तीन-दोन-तीन असा चालतो. टीव्ही पन्नासवर नेला की प्रत्येक चित्राला बरोबर दोन ठोके मिळतात. लिबरएलेकमधल्या कोडीत फाइल पाहून पडद्याचा ठेका बदलायची सोय आहे, पण ती आधी बंद असते, आपण चालू करावी लागते. केली. घोडा सरळ चालू लागला.

सिनेमांचं गणित आणखी विचित्र आहे. सिनेमा चोवीस चित्रांचा असं आपण म्हणतो, पण डिस्कवर तो बहुतेक वेळा २४,००० भागिले १,००१ असतो, म्हणजे २३.९७६. हे एक हजार एक आलं कुठून? १९५३ मध्ये अमेरिकेने काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या लहरींत रंग घुसवला. रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींच्या अंगावर येऊ नयेत म्हणून चित्रांचा वेग हजारात एकाने कमी केला. जुन्या संचांना ते कळलंसुद्धा नाही. ते संच भंगारात गेले, त्या लहरी बंद झाल्या, आणि हजारातली ती एकाची तूट मात्र सत्तर वर्षांनी वारंगा फाट्यावर पोचली. डब्याने चोवीस आणि २३.९७६ हे एकच समजलं, की दर पावणेबेचाळीस सेकंदांनी एक चित्र चुकतं. ज्या सिस्टीमला ही हजारातली एकाची तूट कळते, ती सिनेमासाठी चांगली. बाकी रंगीबेरंगी खिडक्या काहीही असोत.

काळाच्या इतक्या बारीक हिशेबाचं आमच्या जिल्ह्यात आता नवल वाटायला नको. इकडे औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे, केंद्राने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो टिपायचा. अमेरिकेतल्या तशा यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर एका सेकंदाच्या पाचव्या भागात येऊन गेली. तिकडच्या साठ्यात साडेचार अंत्याहून जास्त बाइट, म्हणजे साडेचार पेटाबाइटच्या वर माहिती जमली आहे, आणि तिची चाळणी होते ती लिनक्सवर. म्हणजे दादाच्या गल्ल्यामागचा डबा आणि औंढ्याची यंत्रणा एकाच भावकीतले. फक्त दादाचा डबा गुरुत्वीय लहरी शोधत नाही, तो वरात दाखवतो.

चार किलोमीटरवरून आठवलं. जुना पस्तीस एमएमचा सिनेमा मिनिटाला नव्वद फूट रीळ खातो. अडीच तासांच्या सिनेमाला १३,५०० फूट, म्हणजे चार किलोमीटर आणि वर शंभर-सव्वाशे मीटर. लायगोच्या एका भुजेवर एक अख्खा मराठी सिनेमा आडवा झोपेल, आणि नावांची पाटी जराशी बाहेर येईल. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या वाट्याला अशा रिळांचे डोंगर आले. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने २,२०० सिनेमे दुरुस्त करायला ३६३ कोटी जाहीर केले. रिळाचं एक चित्र फोर-के वर पूर्ण स्कॅन केलं की ५१ एमबी होतं. अडीच तासांत दोन लाख सोळा हजार चित्रं, अकरा टीबी. सगळे २,२०० तेवढ्या लांबीचे धरले तर चोवीस अंत्य. घरी सर्व्हर करणाऱ्या माणसाची डिस्क भरत आली की त्याने हा आकडा आठवावा, बरं वाटतं.

आता ‘लीलावती’च्या यादीतला जलधि. हार्ड डिस्कची चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी १३० किलोमीटरने धावत असते, फाट्यावरच्या कुठल्याही ट्रकपेक्षा जोरात. वाचणारी सुई चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते. एक केस त्या फटीच्या हजारोपट जाड. एवढं करून घरगुती डिस्कवाले कागदावर लिहितात, एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचताना फार तर एक बिट वाचता येणार नाही. एकावर चौदा शून्यं म्हणजे जलधि, समुद्र. समुद्रात एक थेंब खारट निघायचा राहिला तर कोण विचारतो? पण बारा टीबीची डिस्क एकदा पूर्ण वाचली की जवळजवळ एक जलधि बिट होतात. डिस्का सहसा कागदापेक्षा चांगल्या वागतात. तरीही समुद्र आता दादाच्या कपाटात मावतो, हे खरं.

यावर झेडएफएस नावाचा उपाय आहे. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मंडळींनी तो घडवला, २००५ मध्ये खुला केला, आणि आज ट्रूनॅससारख्या सर्व्हरच्या सिस्टीम त्यावर उभ्या आहेत. तो प्रत्येक तुकड्याची खूणगाठ ठेवतो आणि वाचताना ताडून पाहतो. त्याचा पत्ता १२८ बिटांचा. बुद्धिबळाचे दोन पट एकापुढे एक लावल्यासारखा. ती संख्या लिहायला परार्ध घ्यायचा, त्याची परार्धपट करायची आणि मग आणखी चौतीस हजारांनी गुणायचं. बॉनविकने स्वतःच हिशेब मांडला होता की एवढी जागा भरायला लागणाऱ्या ऊर्जेत पृथ्वीवरचे समुद्र उकळून जातील. दादाला हे सांगितल्यावर त्याने आधी मोठ्या पातेल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

दादाच्या घरी मी झेडएफएस टाकलं नाही. ट्रूनॅस किमान आठ जीबी रॅम मागतं, जुन्या डब्यात चारच होती. सिनेमात एक बिट चुकला तर एक डाग पडतो, पुढचं पूर्ण लिहिलेलं चित्र आलं की तो निघून जातो. लग्न मात्र पुन्हा लागणार नाही. म्हणून त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क आत्याच्या लोखंडी पेटीत, पैठणीच्या घडीखाली. समुद्र उकळण्यापेक्षा हे स्वस्त. डेस्कटॉप रात्रंदिवस चालू ठेवला तर शंभर वॉटने वर्षाला ८७६ युनिट खाईल, म्हणून तो संध्याकाळीच लावायचा असं ठरलं. ओटीटीची ॲप मी लिनक्सवर चढवायच्या भानगडीत पडलोच नाही, कुलपांमुळे तिथे ती पूर्ण फोर-के देत नाहीत. त्यासाठी टीव्हीतलं स्वतःचं अँड्रॉइड पुरे. एकाच डब्याने सगळं करावं हा हट्ट मी चाळिशीनंतर सोडला आहे.

वरात मंडपाच्या दारात आली आणि लाइट गेली.

हॉटेलातले दिवे इन्व्हर्टरवर आले, सर्व्हर इन्व्हर्टरवरच होता, टीव्ही आणि त्यामागचा डबा मात्र धाडकन बंद. मला त्याची काळजी नव्हती. लिबरएलेकची मूळ सिस्टीम एका आवळलेल्या गठ्ठ्यात, फक्त वाचण्यापुरती असते. सेटिंग वगैरेंची नोंद बाजूला वेगळी होते, पण सिस्टीम स्वतःच्या अंगावर काही लिहीत नाही, म्हणून लाइट गेली तरी अर्धवट लिहिलेलं काही राहत नाही. आमच्याकडे सिस्टीम निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, सगळ्या परार्धांच्या आधी.

वीस मिनिटांनी लाइट आली. डबा आपोआप उठला, आणि विचारू लागला, वरात मंडपाच्या दारातूनच पुढे चालू करू का?

‘‘किती वर्सं टिकंल हे?’’ दादाने विचारलं.

मी म्हटलं, डिस्का बदलाव्या लागतील, पण घड्याळाचं आता भ्या नाही. जुन्या बत्तीस बिटांच्या डब्यांची गोष्ट वेगळी. ते १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात आणि त्यांची मोजणी २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ वर संपते. पुढच्या सेकंदाला त्यांच्या लेखी १९०१ सालचा डिसेंबर उजाडतो. आपल्या दोन्ही डब्यांना चौसष्ट बिट आहेत, ते २९ हजार कोटी वर्षं मोजतील. सूर्याकडे त्यातली पाचशे कोटीच उरली आहेत.

‘‘ते सूर्याचं ऱ्हाऊ दे. जुन्यांचं कव्हा संपतंय?’’

‘‘१९ जानेवारी २०३८. मंगळवार. आपल्याकडे सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं, सात सेकंद.’’

दादा थोडा थांबला. ‘‘पावणेनऊ,’’ तो म्हणाला. ‘‘तव्हा तर खिचडीची गर्दी असती.’’ आणि रिमोट आत्याच्या हातात देऊन तो पातेल्याकडे गेला.